काचेत बरं झालेलं रक्त

स्नेहल मेढेचं रक्त धुळ्यात बरं झालं, तेव्हा स्नेहल रावेरला खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडलेली होती.

तिचे वडील संघपालभाऊ त्या दिवशी धुळ्याहून परतले ते स्टँडवरून घरी न जाता आधी पॅकहाऊसवर गेले. बाया हौदावर वाकून केळीच्या फण्या धूत होत्या. भाऊ हौदाच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "स्नेहूचं रक्त बरं झालं वं बायांनो. या डोळ्यांनी पाहून आलो."

भागाबाईने हातातली फणी पाण्यात सोडली. "मंग पोरगी आता कॉलेजात जाईन ना?"

"पोरगी नाही. रक्त. पोरगीचं बाकी आहे अजून."

"असं कसं हो भाऊ? रक्त एकीकडे बरं अन् पोरगी एकीकडे आजारी?"

बाया हसल्या. भाऊही हसले. आपण काय बोललो हे त्यांना त्यानंतर पुष्कळ दिवसांनी कळलं.

संघपालभाऊ पन्नाशीला टेकले होते. रावेरच्या माणसाला केळी सोडून दुसरं काही करायचं असेल तर बहुधा गाव सोडावं लागतं, आणि भाऊंनी गाव सोडलं नाही. पोरवयात कापणीच्या टोळीबरोबर घड वाहिले, मग ट्रकवर चढले, मग नवल चौधरींच्या पॅकहाऊसमध्ये आले आणि तिथल्या थंड खोलीचे राखणदार झाले. परदेशी जाणारी केळी कापली की धुवून, पुसून, खोक्यांत भरून त्या खोलीत येते. तिच्या अंगातली उन्हाची ऊब तिथे हळूहळू उतरवायची असते. काटा तेरा अंशांच्या खाली गेला तर केळीला थंडीचा चटका बसतो. तो लगेच दिसत नाही. फणी हिरवीगार दिसते, पण बोटीतून उतरल्यावर साल काळवंडते, आतला गर टणक राहतो आणि ती केळी पुढे कधीच पिकत नाही. भाऊंचं काम म्हणजे थंडी द्यायची, पण जास्त द्यायची नाही. खोक्यात नुसता हात घालून ते खोलीचा अंदाज सांगत. नवलभाऊ बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना चेष्टेने म्हणायचे, "आमचं थर्मामीटर जेवायला गेलं आहे, येईल आता."

स्नेहल ही भाऊंची एकुलती एक मुलगी. शाळेत जायला लागली तेव्हापासून तिचे हातपाय दुखायचे. आधी वाढीचं दुखणं म्हणून सोडून दिलं, मग संधिवात म्हणून तेलं चोळली. सिकलसेल हा शब्द घरात आला तोवर ती चौथीत होती. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि जिथे अडकतात तिथे कळा सुरू होतात, असं डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. दोष आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून आला तरच हा आजार होतो, हेही सांगितलं. स्नेहलची आई सविताताई आणि संघपालभाऊ घरी आले आणि पुष्कळ दिवस एकमेकांशी जपून बोलत राहिले. भांडण नव्हतं. एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं की दोघांनाही तेच आठवायचं.

गोळ्या चालू होत्या. त्यांनी कळा कमी झाल्या, थांबल्या नाहीत. स्नेहल कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होती, म्हणजे नाव होतं. ती बहुतेक घरीच असायची. कळ येऊन गेली की तिचा आवाज बारीक व्हायचा आणि विनोद वाढायचे.

त्याच सुमारास रूपा देवरे सिकलसेलचं शिबिर घेऊन रावेरला आल्या. धुळ्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात त्या संशोधन करत होत्या. मूळच्या शिरपूरकडच्या, तिशीच्या, भराभर चालणाऱ्या. शिबिराला आलेल्या लोकांना त्यांनी खाली बसून समजावलं. लांबच्या एका शहरातल्या प्रयोगशाळेत एक रसायन सापडलं आहे. ते वाकलेल्या पेशीला पुन्हा गोल करतं, निदान वाकू देत नाही. उंदरांवर ते चाललं आहे. एक कंपनी त्याची गोळी करणार आहे. माणसांच्या रक्तावर ते आधी नळीत तपासायचं काम धुळ्याकडे आहे. आणि रावेर, चोपडा, यावल इकडची, सातपुड्याच्या पायथ्याची माणसं यांच्याकडे रक्त आहे. चारही ठिकाणं मिळून एक औषध होईल, झालं तर.

भाऊ पुढच्याच रांगेत होते. म्हणाले, "म्हणजे टिश्यू कल्चरसारखं, मॅडम."

"कसं?"

"आधी बाटलीत रोप करतात. मंग ते शेडनेटमध्ये ठेवतात, हवेची सवय लागू देतात. मंग वावरात लावतात. एकदम वावरात लावलं तर मरतं."

रूपाबाईंना ते इतकं आवडलं की पुढच्या प्रत्येक शिबिरात त्यांनी तेच सांगितलं. "अगदी तसंच, भाऊ. आपण अजून बाटलीत आहोत."

"अन् बाटलीतून वावरात किती येतात?"

"केळीत?"

"नाही, तुमच्याकडं."

"फार थोडी," त्या म्हणाल्या.

भाऊंनी ऐकलं. पण त्यांच्या भवताली मैलोगणती बाटलीतून आलेली केळी उभी होती. काचेतून आलेलं झाड घडाच्या भाराने वाकलेलं ते रोज पाहत होते. त्यामुळे 'फार थोडी' हे शब्द त्यांच्या कानांतून आत जाऊनही कुठे टेकले नाहीत.

रक्त धुळ्याला पोचवायला भरवशाचा माणूस हवा होता. ते काम भाऊंनी मागून घेतलं. सगळ्या रुग्णांचं रक्त रावेरच्या सरकारी दवाखान्यात काढायचं, निळ्या झाकणाच्या पांढऱ्या पेटीत बर्फाच्या पाकिटांमध्ये ठेवायचं आणि त्याच दिवशी धुळ्याला न्यायचं. नवलभाऊंनी त्या दिवसापुरती पिकअप द्यायची कबूल केली. रूपाबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. पेटी एकदा बंद केली की उघडायची नाही. आणि भरताना नळ्यांना बर्फ भिडू द्यायचा नाही, कारण रक्त गोठलं की पेशी फुटतात.

पहिली गोष्ट भाऊंनी लक्षात ठेवली. दुसरी त्यांना आधीपासून माहीत असल्यासारखी वाटली.

असं तीन वेळा करायचं होतं. तिन्ही वेळा ज्यांच्या पेशी औषधाला दाद देतील त्यांची नावं पहिल्या तुकडीत जाणार आणि त्यांना खरी गोळी मिळणार.

पहिल्या खेपेनंतर काही दिवसांनी रूपाबाईंनी भाऊंना बोलावून सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. आधी औषधाशिवायची काच: विळे, कोयत्या, वाकडेतिकडे तुकडे, एकमेकांत अडकलेले. मग औषध घातलेली काच. भाऊंनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. गोल होत्या. सगळ्या नाही, पण पुष्कळ. पाटीत ओतलेल्या वाटाण्यांसारख्या.

"हे स्नेहलचं?"

"स्नेहलचंच."

"उरलं आहे का यातलं नळीत?"

"आहे थोडं."

"मंग तेवढं तरी तिच्या अंगात परत घाला ना, मॅडम," भाऊ म्हणाले. "बरं झालेलं आहे ते."

तिथला शिपाई वना झाडू घेऊन दारात उभा होता. तो हसणार होता, पण रूपाबाईंचा चेहरा पाहून थांबला. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की ते रक्त आता फक्त तपासायचं आहे, अंगात घालायचं नाही. चमचाभर रक्ताने काही होणारही नाही. माणसाच्या शरीरात रोज नव्या पेशी तयार होतात आणि तिच्या त्या वाकड्याच होणार. भाऊंनी मान हलवली. पण चमचाभर तरी, असं त्यांच्या मनात राहिलंच.

घरी त्यांनी हे सांगितलं तेव्हा स्नेहल गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर धरून बसली होती.

"म्हणजे एक मी धुळ्याला आहे, बरी झालेली," ती म्हणाली. "अन् एक इथं."

"तसंच समज."

"मंग ती धुळेवाली कॉलेजात जाते का पप्पा? तिले सांगा, माझी परीक्षा देऊन ये म्हणा."

"आगाऊ," सविताताई म्हणाल्या. पण त्यांनाही ते आवडलं. तेव्हापासून घरात धुळेवाली आली. भाजी खारट झाली की स्नेहल म्हणायची, धुळेवालीला बरी भाजी मिळत असेल. कळ आली आणि ओठ चावून बसावं लागलं, की कळ ओसरल्यावर पहिलं वाक्य तेच असायचं: "ती झोपली असंन मस्त, कूलर लावून."

दुसऱ्या खेपेलाही पेशी गोल झाल्या. आता तिसरी राहिली.

ती उन्हाळ्याच्या अखेरीला होती. रावेरच्या उन्हाबद्दल काय सांगावं, पण त्या दिवशी ऊन दुपारीच विझल्यासारखं झालं. रक्त काढून झालं, पेटी भरली, बर्फाची पाकिटं दवाखान्याच्या फ्रीजमधून नुकतीच निघालेली, दगडासारखी. भाऊ पिकअप घेऊन निघाले आणि गावाबाहेर पोचायच्या आत वादळ आलं. पाऊस थोडा, वारा फार. आमच्याकडे असं वादळ आलं की माणसं आधी केळीच्या दिशेला बघतात. उभी बाग आडवी होते, तिचा आवाज येत नाही, वाऱ्याचाच येतो. रस्त्यावर निंब पडले, विजेचे खांब पडले. सावद्याच्या अलीकडून पोलिसांनी गाड्या परतवल्या.

गावात वीज नव्हती. दवाखान्याचा जनरेटर सुरू होईना. वीज दोन दिवस तरी येत नाही असं लोक बोलायला लागले. भाऊंनी रूपाबाईंना फोन लावून पाहिला. टॉवर बंद होता. गावात आवाज होता तो एकाच गोष्टीचा. नवलभाऊंच्या थंड खोलीचा जनरेटर चालू होता.

नवलभाऊ स्वतःच्या पडलेल्या बागेतून नुकतेच आले होते. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. पेटी पाहून म्हणाले, "ठेव आत. मले विचारतो काय? माझी तं बठ्ठी बाग झोपली, तुझं तरी उभं राहू दे."

भाऊंनी पेटी खोलीत ठेवली. खाली ठेवताना त्यांचा हात तिच्या अंगाला लागला आणि ते थबकले. पेटी फार गार होती. बाहेरून इतकी गार, तर आत काय असेल? पाकिटं दगड झालेली होती. धुळ्याला जायला काही तास लागतात, तेवढ्यापुरती ती ठीक. पण आता दोन दिवस? दोन दिवस त्या बर्फात नळ्या. गोठलं की पेशी फुटतात.

त्यांना चटका बसलेली केळी आठवली. बाहेरून हिरवीगार आणि आत कायमची मेलेली.

उघडायची नाही, हे आठवत होतं. पण ते सांगणाऱ्या बाईंना वादळ माहीत नव्हतं. भाऊंनी पेटी उघडली. नळ्यांचा पुडा हातात घेतला आणि त्यांच्या बोटांनी त्यांना लगेच सांगितलं, फार थंड. केळीच्या नव्या खोक्यात त्यांनी फण्यांमध्ये घालायचा मऊ फोम अंथरला, त्यावर एकेक नळी उभी लावली, स्नेहलची मधोमध, आणि खोकं खोलीच्या अशा कोपऱ्यात ठेवलं जिथे पंख्याचा झोत येत नाही. काटा साडेतेरावर होता. दोन दिवस ते खोलीपासून हलले नाहीत. मधे मधे खोक्यात हात घालून पाहत. जेवणाचा डबाही तिथेच आला.

घरी स्नेहलच्या कळा वाढल्या होत्या. वीज नाही, पंखा नाही, नळाला पाणी नाही. असल्या दिवसांत तिचं रक्त लवकर घट्ट व्हायचं. सविताताईंनी निरोप पाठवला. भाऊंनी उलटा निरोप दिला, की रस्ता उघडला की आधी हे पोचवतो, हेच तिचं औषध आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी रस्ता उघडला. एका बाजूने भाऊ पेटी घेऊन धुळ्याला निघाले. थोड्या वेळाने शेजारच्या रिक्षातून सविताताई स्नेहलला घेऊन जळगावच्या दवाखान्याकडे निघाल्या. निघताना भाऊंनी नळ्या पुन्हा पेटीत घातल्या होत्या. पाकिटांचं पाणी झालं होतं.

धुळ्याला वनाने दार उघडलं. "काय भाऊ, वादळ बठ्ठं तुमनाकडेच व्हतं का? पोर कशी शे?"

"बरी आहे. मॅडम?"

"वर शेतस. वाट देखी राहिन्या."

रूपाबाई धावतच खाली आल्या. पेटी दवाखान्यात ठेवली असेल आणि बंद असेल, अशा समजुतीत त्या होत्या. बंद पेटी तीन दिवस तग धरते हे त्यांना माहीत होतं. हे त्या बोलायच्या आतच भाऊ बोलले. सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

"मॅडम, अजिबात चटका बसू दिला नाही. नळ्या बर्फातून काढल्या अन् साडेतेरावर ठेवल्या. काटा हलू दिला नाही. दोन दिवस हात लावून बसलो होतो."

रूपाबाईंनी एक नळी काढून यंत्रात घातली, फिरवली, थांबवली आणि उजेडासमोर धरली. पेशी खाली बसतात आणि वरचं पाणी पिवळसर राहतं, हे भाऊंनी मागच्या दोन खेपांना पाहिलं होतं. आज वरचं पाणी लाल होतं. त्यांनी दुसरी नळी फिरवली. तिसरी स्नेहलची होती. ती भाऊंनीच हातात दिली.

"फुटल्या?" भाऊंनी विचारलं.

"हो."

"गोठू नाही दिलं मी."

"माहीत आहे, भाऊ. पण यांना केळीपेक्षा जास्त थंडी लागते. बर्फाला न चिकटता, पण त्याच्या जवळ. पेटीच्या आत बरोबर तेवढंच होतं." मग त्यांनी नळ्या खाली ठेवल्या आणि स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाल्या, "चूक माझी आहे. का उघडायची नाही ते मी सांगायला हवं होतं. थांबा. अजून मुदत संपलेली नाही. मी उद्या रावेरला येते, सगळ्यांचं पुन्हा घेते. होईल."

भाऊ खुर्चीवर बसले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सविताताईंचा आवाज मोकळा होता, कितीतरी दिवसांनी इतका मोकळा.

"अहो, काळजी करू नका. रक्त फार उतरलं होतं तिचं, पण रक्ताची पिशवी लगेच भेटली. एक लावून झाली, दुसरी चालू आहे. रंग आला पोरीच्या तोंडावर. ऐकता ना?"

"हो. बरं झालं," भाऊ म्हणाले. त्यांनी फोन ठेवला आणि रूपाबाईंना तेच सांगितलं, तशाच आवाजात. "पिशवी लगेच भेटली म्हणे."

रूपाबाईंनी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसल्या. बाहेरचं रक्त अंगात गेलं की तीन-चार महिने ते तिच्या रक्तात मिसळून राहतं. तेवढ्या काळात काढलेलं रक्त तिचं एकटीचं नसतं. ते तपासून उपयोग नाही. आणि यादी या महिनाअखेरीस बंद होणार होती.

"पिशवी लावली नसती तर?" भाऊंनी विचारलं.

"असं विचारू नका."



बाकीच्यांचं रक्त दुसऱ्या दिवशी घेतलं गेलं. पाल गावाकडचा पुना, चोपड्याची ताईबाई, आणखी दोघंतिघं, यांची नावं यादीत गेली. स्नेहलचं गेलं नाही. मुदत वाढवून मिळावी म्हणून रूपाबाईंनी कंपनीकडे शब्द टाकला, रसायन शोधणाऱ्या त्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या सरांकडे टाकला. सगळ्यांनी सहानुभूतीने ऐकून घेतलं. एकासाठी नियम वाकवला तर पुढे सगळ्या निष्कर्षांवर प्रश्न येतील, असं उत्तर आलं, आणि ते खरंही होतं.

भाऊंनी घरी काहीच लपवलं नाही. स्नेहल जळगावहून परत आली त्या दिवशी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, खोक्याचं, फोमचं, साडेतेराचं. सविताताई उठून चुलीकडे गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. त्या दिवशी फोनवर आपण किती आनंदाने बोललो होतो, ते त्यांना आठवत असावं.

स्नेहल बराच वेळ बोटांशी खेळत राहिली. "तुम्ही मले केळी समजले, पप्पा," ती शेवटी म्हणाली.

भाऊंना वर बघता आलं नाही.

"जाऊ द्या. ती धुळेवाली तरी बरी आहे ना?"

नवलभाऊ एकदा घरी आले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले. "माझ्याच खोलीत झालं रे बाबा," एवढंच म्हणाले. त्यानंतर पॅकहाऊसवर थर्मामीटरची चेष्टा कोणी केली नाही. भाऊंनी खोक्यात हात घालणं सोडलं. ते काट्याकडे बघून आकडा सांगत आणि आकडा सांगितल्यावर पुन्हा एकदा काट्याकडे बघत.

पेटी मात्र त्यांनी सोडली नाही. गोळी सुरू झालेल्यांचं रक्त दर पंधरवड्याला धुळ्याला न्यायचं होतं. आता दुसरा माणूस बघू, असं रूपाबाई एकदा म्हणाल्या तेव्हा भाऊंनी हात जोडले. मग वर्षभर तेच जात राहिले. एसटीत पेटी मांडीवर घेऊन बसायचे, झाकणावर दोन्ही हात ठेवून. दुसऱ्यांच्या मुलांचं रक्त त्यांनी कधी उशिरा पोचवलं नाही. वाटेत कोणी काय आहे म्हणून विचारलं तर सांगायचे, "औषध होऊन राहिलं आहे."

त्या वर्षात स्नेहलच्या खुब्याचं हाड आतून मरत गेलं. तिथवर रक्त पोचत नव्हतं. ती काठी घेऊन चालू लागली. तीन-चार महिन्यांनी पुढच्या तुकडीत नाव घालू, असं रूपाबाई म्हणाल्या होत्या. पण त्या महिन्यांत तिला पुन्हा पिशवी लागली, आणि मग पुन्हा. भाऊंनी त्या तुकडीबद्दल विचारणं थांबवलं. पण धुळ्याहून येताना ते वाट वाकडी करून पुनाच्या घरावरून येत, त्याची तब्येत विचारत. पुना म्हणायचा, थोडं बरं वाटतं बहुतेक. त्या 'बहुतेक'वर भाऊ पुढचा पंधरवडा काढत.

आणि एका दिवशी रूपाबाईंनीच त्यांना पेटी न घेता बोलावलं.

वर त्यांच्या खोलीत खोकी बांधून ठेवलेली होती. त्यांनी सरळच सांगितलं. काम थांबलं आहे. गोळी पोटात गेल्यावर रक्तात पोचायच्या आत यकृत तिचे तुकडे करतं. जेवढी पोचते तेवढीने काही होत नाही, आणि जास्त दिली तर यकृतच बिघडतं. उंदरांमध्ये असं झालं नव्हतं. नळीत तर यकृत नसतंच. कंपनीने हात काढून घेतला आहे. पुनाला बरं वाटत होतं, पण तुलनेसाठी दुसरीकडे ज्यांना साधी पिठाची गोळी दिली होती त्यांनाही तेवढंच बरं वाटत होतं.



"मी तुम्हाला मुद्दाम बोलावलं," रूपाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. "स्नेहल यादीत असती तरी काही झालं नसतं, भाऊ. काहीच नाही. त्या नळ्यांचं तुम्ही आता मनात ठेवू नका. तुमच्या हातून काही गेलेलं नाही."

त्यांना वाटलं होतं, भाऊ मोकळे होतील. कदाचित रडतील. भाऊ तसेच बसून राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेलं. वर्षभर त्यांनी ती चूक उचलली होती. ती जड होती, पण तिच्या पोटात औषध होतं. आपण चुकलो म्हणून पोरीला मिळालं नाही, म्हणजे मिळण्यासारखं काहीतरी जगात होतं. कुठल्या तरी पोराला ते मिळत होतं आणि पुढेमागे स्नेहललाही मिळू शकत होतं. आज रूपाबाईंनी ती चूक त्यांच्याकडून काढून घेतली. तिच्याबरोबर तेही गेलं.

"मंग दुसरं काही?" त्यांनी विचारलं.

"जगात चाललं आहे. आहे एक, मोठ्या शहरांत, परदेशात. पण तुम्हाला मी काय सांगू?" त्या म्हणाल्या. "इथपर्यंत यायला वेळ लागेल."

"स्नेहू पुरेल का तोवर?"

खिडकीखाली वना कोणावर तरी ओरडत होता.

"तिची ती काच आहे का अजून?" भाऊंनी विचारलं.

एका खोक्याची दोरी सोडून रूपाबाईंनी काच शोधली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. भाऊंनी डोळा लावला.

"गोलच आहेत," ते म्हणाले. "इतके दिवस झाले, तरी गोल."

"त्या तशाच राहतात. रंग देऊन पक्क्या केलेल्या असतात."

"पक्क्या म्हणजे?"

"जिवंत नाहीत त्या, भाऊ."

भाऊंनी डोळा काढला. आभार मानले. जिना उतरताना वनाने पुढच्या खेपेचं विचारलं, "आते कवय येशात, भाऊ?" भाऊंनी नुसता हात वर केला.

रावेरला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. स्नेहल ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती, काठी भिंतीला टेकवलेली. सविताताई आत पाणी तापवत होत्या. भाऊ आज कशासाठी गेले होते हे दोघींनाही माहीत नव्हतं. पेटी घेऊन गेले नाहीत एवढंच माहीत होतं.

"आज रिकाम्या हातानं?" स्नेहल म्हणाली. "काय म्हणते धुळेवाली?"

भाऊंनी चपला काढल्या. एकीशेजारी एक नीट लावून ठेवल्या.

"बरी आहे."

"पाहिली?"

"पाहिली ना. गोल आहे अजून. तशीच्या तशी."

"जाडी झाली असंन मंग," स्नेहल म्हणाली आणि हसली. हसताना खुब्यात कळ गेली म्हणून तिने हसणं मधेच सोडलं आणि खुर्चीची कड धरून वाट बघत राहिली. सविताताई गरम पाण्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या. भाऊंनी ती त्यांच्या हातातून घेतली, तिच्यावर तळहात ठेवला.

"द्या ना," स्नेहल म्हणाली.

"थांब. जास्त गरम आहे," भाऊ म्हणाले, आणि पिशवी दोन्ही हातांत धरून तिथेच तिच्याजवळ बसले.